टाटाची फाईल : कर्करोगतज्ज्ञ रोजच्या तापाचे डॉक्टर कसे झाले?

#धागा

पेण किंवा रोह्याच्या एखाद्या घरात कर्करोगाचा रुग्ण असला, की त्या घरात एक फाईल असते. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली, कपाटात वरच्या खणात जपून ठेवलेली. तिला सगळे 'टाटाची फाईल' म्हणतात. रुग्णाला साधा ताप आला तरी गावातला डॉक्टर आधी ती फाईल मागतो, दोन पाने उलटतो आणि म्हणतो, "मी काही देत नाही. तिकडेच विचारून घ्या."

मग ताप, बद्धकोष्ठ, वाढलेली साखर, न येणारी झोप, तोंड आल्यामुळे न जाणारा घास, असे सारे काही परळच्या बाह्यरुग्ण विभागात बसलेल्या तज्ज्ञापुढे मांडले जाते. रक्ताच्या कर्करोगाचे सूक्ष्म भेद ओळखण्यात ज्याचे आयुष्य गेले, तो तज्ज्ञ इसबगोल किती घ्यायचे ते सांगत असतो. यात गावच्या डॉक्टरचा केवळ भित्रेपणा नाही आणि तज्ज्ञाची हौस तर मुळीच नाही. या व्यवस्थेला ऐंशी वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे, आणि तो पाहिला तर त्यात दोन उलट दिशांच्या वाटा दिसतात. एक गावातून परळला जाणारी, दुसरी तज्ज्ञाला गावात आणणारी.

आरंभ एका रक्ताच्या आजारापासूनच होतो. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहरबाई १९३१ साली ब्रिटनमध्ये रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पुढच्याच वर्षी दोराबजींनी रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी त्यांच्या नावाने विश्वस्त निधी स्थापन केला आणि त्याच वर्षी तेही गेले. त्यांच्या संपत्तीतून उभ्या राहिलेल्या विश्वस्त निधीने परळला रुग्णालय बांधले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालयाचे उद्घाटन झाले. लंडन-न्यूयॉर्कला जाऊ शकणाऱ्यांना जे उपचार मिळत, ते इथल्या माणसाला इथेच मिळावेत, ही त्यामागची कल्पना.

'इथेच' म्हणजे मात्र मुंबईत. पेण, रोहा ही तेव्हा कुलाबा जिल्ह्यातली गावे (जिल्ह्याचे नाव रायगड झाले ते १९८१ साली). मुंबई नकाशावर हाताच्या अंतरावर, पण मध्ये खाडी. वाशीचा खाडीपूल १९७० च्या दशकातला. त्याआधी सडकेने जायचे तर ठाण्याला वळसा पडे, नाहीतर धरमतर किंवा रेवसहून बोट. पावसाळ्यात या पाण्याचा भरवसा नसे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. कुलाब्यातल्या पिढ्यांना मुंबईचा दवाखाना म्हणजे काय ते अंतर असे ठाऊक होते. आपटा ते रोहा हा लोहमार्ग तर १९८६ साली झाला. एवढा प्रवास करून माणूस परळला पोचे तेव्हा गाठ बहुधा हाताला लागण्याच्या पलीकडे गेलेली असे.

आता त्या काळातल्या एका माणसाची दृष्टी पाहण्यासारखी आहे. डॉ. वसंत रामजी खानोलकर हे टाटा रुग्णालयाचे पहिले विकृतिशास्त्रज्ञ. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहणे हे त्यांचे काम, पण त्यांचे कुतूहल तिथे थांबले नाही. कमरेभोवती काचेवर रुतून काळ्या पडलेल्या त्वचेत काही रुग्णांना कर्करोग होतो, हे त्यांच्या लक्षात आले. वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट कसलेले धोतर हे त्याचे कारण. १९४५ साली त्यांनी लोकांच्या रीतींशी निगडित अशा कर्करोगांवर शोधनिबंध लिहिला आणि 'धोतराचा कर्करोग' हा शब्दप्रयोग वैद्यकाच्या ग्रंथांत गेला. तंबाखू आणि तोंडाचा कर्करोग यांचा संबंधही त्यांनी असाच माणसांच्या सवयींतून तपासला. कोकणात आजही अनेक बायका सकाळी मशेरी लावतात. ती तव्यावर भाजलेली तंबाखूच असते. म्हणजे या रोगाचे मूळ घरात, चुलीशी, कमरेच्या गाठीत होते. ते ओळखणारे डोळे मात्र परळला होते.

त्याच दशकात सरकारी पातळीवर दुसरी एक रचना आकार घेत होती. भोर समितीचा अहवाल १९४६ साली आला. दर ४०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यावर मोठे रुग्णालय, त्यावर जिल्ह्याचे, अशी ती शिडी. १९५२ पासून ही केंद्रे उभी राहू लागली. पण त्यांच्या वाट्याला जी कामे आली ती देवी, हिवताप, क्षय, बाळंतपणे आणि पुढे कुटुंबनियोजन यांची. कर्करोग या शिडीच्या खालच्या पायऱ्यांवर कुठेच नव्हता. राष्ट्रीय कर्करोग नियंत्रण कार्यक्रम आला तो १९७० च्या दशकाच्या मध्यावर, आणि तोही पहिली कित्येक वर्षे मोठ्या शहरांतल्या यंत्रसामग्रीभोवती फिरत राहिला. कर्करोगाला एकच पायरी होती, सगळ्यांत वरची. खाली कोणी नसल्यामुळे वरच्यालाच खालचे काम करावे लागले.

रक्ततज्ज्ञाची गोष्ट थोडी वेगळी आहे. १९५० च्या सुमाराला मुंबईत रक्ताचा तज्ज्ञ म्हणजे रुग्णाला कधीही न दिसणारा माणूस. त्याचे जग काचनळ्यांचे. त्या जगाने मोठी कामे केली, यात शंका नाही. १९५२ साली डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक असा रक्तगट शोधला जो ए, बी, ओ यांपैकी कशातच बसत नव्हता. जगाने त्याला 'बॉम्बे' रक्तगट म्हटले. मुंबईत साधारण दहा हजारांत एखाद्याचा असा गट निघतो, आणि त्याला साधे ओ गटाचे रक्तही चालत नाही. शोध जागतिक, पण ज्यांच्या शिरांतून ते रक्त वाहत होते त्यांच्या घराशी शास्त्रज्ञाचा संबंध रक्ताच्या बाटलीपुरताच.

हे बदलले रसायनोपचारांमुळे. १९६० आणि ७० च्या दशकांत रक्ताच्या कर्करोगावर औषधे लागू पडू लागली. १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी टाटा रुग्णालयात एका लहान मुलीवर देशातले पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. (अडवाणींना लहानपणीच पोलिओ झाला होता, चाकाच्या खुर्चीतून ते वॉर्डात फिरत.) रुग्ण आता जगू लागले. आणि जगणारा रुग्ण घरी जातो, घरी गेल्यावर त्याला ताप येतो.

हा ताप इतरांच्या तापासारखा नसतो, आणि गावच्या डॉक्टरने हात आखडता घेण्याचे खरे कारण इथे आहे. रसायनोपचारानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्या काळात ३८ अंशांवर गेलेला ताप ही आणीबाणी असते. शिरेतून प्रतिजैविक तासाभरात सुरू व्हावे लागते. अशा वेळी पॅरासिटमॉल देऊन 'तीन दिवसांनी या' म्हटले, तर ताप तेवढा उतरतो आणि जंतुसंसर्ग आत वाढत राहतो. तिसरा दिवस कदाचित उगवतही नाही.

सुईचेही तसेच. खेड्यातल्या दवाखान्यात दंडात किंवा कमरेत सुई टोचली म्हणजे उपचार झाला, अशी रुग्णाचीच समजूत असते. पण बिंबाणू, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट, कमी असलेल्या माणसाला तीच सुई स्नायूत रक्ताची गाठ करते. अंगदुखीसाठी दिलेली ब्रुफेनसारखी गोळी पोटात रक्तस्राव घडवू शकते. ज्या तीन गोष्टी गावचा डॉक्टर दिवसाला पन्नास वेळा करतो आणि ज्या पन्नासांपैकी एकोणपन्नास जणांना मानवतात, त्याच या एकाला घातक. तेव्हा 'तिकडेच जा' हा सल्ला पुष्कळदा प्रामाणिक असतो. दोष असलाच तर एवढा, की 'तिकडे' पोचेपर्यंत काय करायचे हे कोणी त्या डॉक्टरला कधी लिहून दिलेले नसते.

२००१ नंतर आणखी एक वळण आले. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगावर इमॅटिनिब नावाची गोळी निघाली. तोवर या रोगात रुग्णाचे आयुष्य थोड्या वर्षांत मोजत. आता रोज गोळी घेऊन तो दशकानुदशके जगू लागला. गोळी फार महाग होती. कंपनीच्या मदत योजनेतून अनेक भारतीय रुग्णांना ती मोफत मिळाली, देशी कंपन्यांनी स्वस्त गोळी काढली, आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसची पेटंटची मागणी फेटाळली. त्या निकालावर पुष्कळ लिहिले गेले. त्याच्या शेजारचा एक साधा परिणाम मात्र फारसा कोणी नोंदवला नाही. चाळिशीत हा रोग झालेला माणूस साठीला पोचला. साठीला त्याला मधुमेह झाला, रक्तदाब झाला, गुडघे दुखू लागले. आणि त्याचा एकुलता एक डॉक्टर होता रक्तविकारतज्ज्ञ, ज्याच्याकडे तो ठरल्या महिन्यांनी गोळ्या घ्यायला जात असे.

अशी नाती जुळली की त्यांत माया असते. रुग्णाला वाटते, या डॉक्टरने मला मरणातून काढले, माझ्या खोकल्याचेही तोच पाहील. तज्ज्ञही पाहतो. पण त्याच्या दारात रांग असते, रुग्णाचे घर त्याने पाहिलेले नसते, आणि साखर तपासायला रोह्याहून परळला येणे म्हणजे एक दिवसाची मजुरी, सोबत्याची आणखी एक, शिवाय एस.टी.चे भाडे आणि कधी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत मुक्काम. साखर दर तीन महिन्यांनी तपासायची असते. ती वर्षातून एकदा तपासली जाते. कर्करोग आटोक्यात राहतो आणि मूत्रपिंडे बिघडतात, असे घडू शकते.

हे सारे गावातून परळला जाणाऱ्या वाटेविषयी झाले. दुसऱ्या वाटेचा, म्हणजे तज्ज्ञाने गावात उतरण्याचा, एक लक्षणीय प्रयोग पेणच्या शेजारीच, अलिबाग तालुक्यातल्या मांडव्याला झाला. तो कर्करोगाचा नव्हता, पण पुढच्या कथेची किल्ली त्यात आहे. डॉ. नोशीर अंतिया हे नामवंत प्लास्टिक सर्जन. ब्रिटनमध्ये सर हॅरल्ड गिलीज यांच्यासारख्या आद्य शल्यविशारदाच्या हाताखाली शिकलेले, जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा करणारे, कुष्ठरोग्यांची वाकडी बोटे आणि बसलेली नाके शस्त्रक्रियेने सुधारणारे. इतकी नाके दुरुस्त केल्यावर त्यांना प्रश्न पडला तो साधाच होता. हा रोग गोळ्यांनी बरा होतो. मग माणूस माझ्या टेबलापर्यंत येतोच का?

१९७० च्या दशकात त्यांनी मांडवा परिसरातल्या सुमारे तीस गावांतून स्थानिक बायका निवडल्या. त्यांतल्या अनेकींना लिहिणे-वाचणे जेमतेम येत होते. त्यांना क्षय आणि कुष्ठरोग ओळखणे, बाळंतपण, लसीकरण, अतिसारात मीठ-साखरेचे पाणी, अशी कामे शिकवली. बायकांनी ती उत्तम केली. इतकी, की आरोग्याच्या कामावरचा ताबा लोकांच्या हाती जाऊ लागला आणि तिथल्या सत्ताधाऱ्यांना व यंत्रणेला ते रुचले नाही. विरोध वाढला आणि प्रकल्प गुंडाळावा लागला. अंतियांनी पुढे पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या परिंच्याला पुन्हा नव्याने सुरुवात केली. मांडव्याने दाखवले ते हे, की तज्ज्ञाने स्वतः खोकला तपासत बसणे हा एकच मार्ग नाही. आपल्या ज्ञानातला जो भाग सातवी शिकलेल्या बाईला पेलतो तो तिच्या हाती देणे, हाही मार्ग आहे. आणि तो मार्ग आजारापेक्षा माणसांमुळे अडतो.

कर्करोगाच्या क्षेत्रात हे काम झाले ते बार्शीला. सोलापूर जिल्ह्यातले हे व्यापारी गाव, उस्मानाबादच्या (आता धाराशिव) वेशीवरचे. १९८० च्या दशकात इथे नर्गिस दत्त यांच्या नावाने कर्करोग रुग्णालय उभे राहिले. डॉ. भा. म. नेने हे त्याचे प्रमुख नाव. १९८७ साली टाटा मेमोरियलच्या साहाय्याने बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतल्या ३४६ गावांसाठी कर्करोग नोंदणी सुरू झाली. ग्रामीण लोकसंख्येसाठी देशातली ही पहिलीच.

नोंदणी म्हणजे खरे तर मोजणीचे काम. मुंबईत ते सोपे होते. रुग्णालयांच्या वह्या चाळल्या की झाले. बार्शीच्या खेड्यांत चाळायला वह्याच नव्हत्या. माणूस घरात मरे, मृत्यूचे कारण 'म्हातारपण' किंवा 'पोटदुखी' असे लागे. म्हणून डॉ. कस्तुरी जयंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रीत बदलली. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जाऊ लागले, सरपंच, शिक्षक, दाई यांच्याशी बोलू लागले, बायकांना एकत्र बसवून सांगू लागले की पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जाणे, अंगावरून दुर्गंधीचे पाणी जाणे, तोंडातला न भरणारा फोड ही लक्षणे दडवू नका. संशयित रुग्णाला रुग्णालयात आणण्याची सोयही केली. कर्करोगाच्या संस्थेचे लोक अशा रीतीने ओट्यावर बसून, प्रथम भेटणाऱ्या आरोग्यसेवकाचे काम करू लागले.

झाले असे, की मोजायला गेलेल्यांमुळे मोजली जाणारी गोष्टच बदलली. काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्ण बायका आधीच्या टप्प्यावर रुग्णालयात येऊ लागल्या. त्यासाठी नवे यंत्र लागले नव्हते की नवे औषध. कुणीतरी येऊन विचारले होते, एवढेच. १९९५ साली या अनुभवावर निघालेल्या निबंधाने बाहेरच्या जगाचे लक्ष वेधले.

मग आली मोठी चाचणी. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गावांचे ५२ गट, त्यांत ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया. चिठ्ठ्या टाकल्यासारखे चार भाग केले. एका भागात एचपीव्ही या विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पेशींची तपासणी, तिसऱ्यात पातळ ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरच, लावून परिचारिकेने नुसत्या डोळ्यांनी पाहणे. चौथ्या भागात तपासणी नाही. आरोग्याची माहिती आणि नेहमीची सेवा तेवढी. डॉ. शंकरनारायणन, डॉ. नेने आणि सहकाऱ्यांनी २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. विषाणू तपासलेल्या गटात या कर्करोगाने ३४ स्त्रिया गेल्या, तपासणी नसलेल्या गटात ६४. पुढच्या टप्प्यात सापडलेले कर्करोग पहिल्या गटात ३९, शेवटच्यात ८२. एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. जगभरात गर्भाशयमुखाच्या तपासणीचे धोरण ठरवताना ज्या पुराव्यांकडे पाहिले जाते, त्यांत मराठवाड्यातल्या या शेतकरी-शेतमजूर बायकांचा वाटा फार मोठा आहे.

मुंबईच्या झोपडवस्त्यांत टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या चमूने १९९८ पासून अशीच चाचणी चालवली होती. तिथे दहावी शिकलेल्या स्त्रियांना चार आठवडे प्रशिक्षण देऊन व्हिनेगरची तपासणी करायला लावले. सुमारे दीड लाख स्त्रिया, बारा वर्षे. मृत्यूंत ३१ टक्के घट. हे आकडे २०१३ साली जाहीर झाले तेव्हा जगभर मथळे झळकले.

पण त्या ६४ स्त्रियांकडे परत यावे लागते. तपासणी न झालेल्या गटाचे काय? २०१४ साली अमेरिकी डॉक्टर एरिक सुबा यांनी मुंबईतल्या एका वैद्यकीय नीतिशास्त्राच्या नियतकालिकात हा प्रश्न उघडपणे विचारला. मुंबई, उस्मानाबाद आणि तमिळनाडूतले दिंडीगुल या तीन चाचण्यांतल्या तपासणीविना ठेवलेल्या गटांत किमान २५४ स्त्रिया या कर्करोगाने दगावल्या, हे त्यांनी मांडले. पेशींची तपासणी उपयोगी पडते हे जगाला अनेक दशके ठाऊक असताना इतक्या स्त्रियांना तपासणीविना का ठेवले, असा त्यांचा आक्षेप. संशोधकांचे उत्तर असे, की या भागांत तपासणी मुळी उपलब्धच नव्हती, 'नेहमीची सेवा' म्हणजे काहीच नाही ही इथली वस्तुस्थिती होती आणि चाचणीने ती बिघडवली नाही.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे, तरी संशोधकांच्या उत्तरातली एक गोष्ट बोचते. 'काहीच नाही' ही नेहमीची सेवा ठरू शकली, कारण भोर समितीच्या शिडीवर खालच्या पायरीला कर्करोगाची जागाच ठेवलेली नव्हती. तज्ज्ञ गावात आला तो संशोधक म्हणून. रोजचा डॉक्टर म्हणून आला असता तर त्याला चौथा गट करता आला नसता. रोजच्या डॉक्टरला समोर बसलेल्या बाईला तपासावेच लागते. उलट हेही खरे, की चौथा गट नसता तर सरकारांना पटेल असा पुरावा मिळाला नसता. उस्मानाबादच्या त्या ६४ घरांना या युक्तिवादाचे काय, हा प्रश्न मागे राहतोच.

शेवटच्या काळजीचाही उल्लेख इथे हवा. टाटा रुग्णालयातले शल्यविशारद डॉ. लुईस जोस डिसूझा यांनी १९८६ साली वांद्र्याला 'शांती आवेदना सदन' सुरू केले. उपचार संपलेल्या कर्करुग्णांसाठी देशातली ही पहिली संस्था. जिथे शस्त्रक्रिया करण्यासारखे काही उरत नाही तिथे एका सर्जनने जखमा धुणे, वेदना शमवणे, घास भरवणे यांची व्यवस्था लावली. वेदनाशमनासाठी लागणारे मॉर्फिन मात्र १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने इतके बांधले गेले होते, की तालुक्याच्या गावी ते मिळणे जवळजवळ अशक्यच होते. कायदा सैल झाला २०१४ साली. मधली जवळपास तीस वर्षे पेण-रोह्याच्या अनेक रुग्णांनी कण्हत काढली असतील, तर त्याचे कारण औषध नसणे हे नव्हते.

दरम्यान अंतर कमी झाले. टाटा मेमोरियलचे संशोधन व उपचार केंद्र, ज्याला लोक 'ॲक्ट्रेक' म्हणतात, २००२ साली खारघरला आले, म्हणजे पनवेल तालुक्यात, थेट रायगड जिल्ह्यात. दक्षिणेला चिपळूणजवळ डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाबरोबर टाटाने रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या खेड्यांत तपासणीचे काम सुरू केले. २०१६ साली केंद्र सरकारने तिशीपुढच्या सर्वांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी प्राथमिक पातळीवर तपासणी करण्याची रूपरेषा जाहीर केली. त्यात गर्भाशयमुखासाठी पद्धत निवडली ती व्हिनेगरची, परिचारिकेने करायची. बार्शीच्या आणि मुंबईच्या वस्त्यांतली रीत अशी कागदोपत्री देशाच्या उपकेंद्रापर्यंत पोचली.

कागदावरची रीत आणि उपकेंद्रातले टेबल यांत अजून अंतर आहे. तपासणीला पडदा लागतो, दिवा लागतो, शिकलेली परिचारिका आठवड्यात ठरल्या दिवशी हजर लागते, आणि संशयित आढळलेल्या बाईला पुढे नेणारे कोणी लागते. मांडव्याच्या बायकांना हे सगळे सांगावे लागले नसते.

रोह्याहून सकाळी सुटणारी दिवा गाडी पेणला थांबते, पुढे पनवेल. तिथे उतरून हार्बरच्या लोकलने खारघर. गाडीच्या डब्यात कोणाच्या ना कोणाच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीतली फाईल असतेच. तिच्यात रसायनोपचाराच्या तारखा असतात, रक्ताचे अहवाल असतात, पुढच्या भेटीचा दिवस असतो. ताप आल्यास पेणच्या डॉक्टरने पहिल्या तासात काय करावे, ते लिहिलेला एखादा कागद अलीकडे काही फायलींत दिसू लागला आहे. तो मराठीत असला, तर घरातले लोक तो पिशवीत सर्वांत वर ठेवतात.